मुंबईबरोबर दिलेली मुलगी

एकवीस वर्षं मी याद्या लिहिल्या. ठाण्यातल्या एका महिला मदत केंद्रात मी समुपदेशक होते. घर सोडून आलेली मुलगी समोर बसली की तिचं रडणं ओसरेपर्यंत थांबायचं, पाण्याचा पेला पुढे करायचा आणि मग कोरा कागद ओढायचा. लग्नात काय काय दिलं होतं? लोखंडी कपाट, पलंग, दोन गाद्या, मिक्सर, स्टीलची भांडी नगावारी, दीड तोळ्याची माळ, जावयाची अंगठी, रोख इतके. शेजारी बसलेली आई मध्येच आठवण करायची, "आणि तांब्याचा बंब राहिला गं." यादी पुरी झाली की खाली मुलीची सही. त्या सहीशी आलं की दर वेळी मनात यायचं, लग्नाआधी बैठकीत जी यादी झाली, जिच्यावर दोन्हीकडच्या थोरांनी सुपारी फोडली, तिच्यावर हिची सही कुणी मागितली नव्हती.

निवृत्त झाल्यावर मुंबईचा जुना इतिहास वाचायला घेतला आणि 23 जून 1661 चा इंग्लंड-पोर्तुगालचा करार समोर आला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ब्रागांझा यांच्या लग्नाचा करार. कलमं वाचता वाचता माझा हात सवयीनं कागदाकडे गेला. रोख वीस लाख क्रुझादो. उत्तर आफ्रिकेतलं टँजियर. मुंबईचं बेट आणि बंदर, सगळ्या हक्कांसकट. ब्राझीलमध्ये आणि पूर्वेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांत इंग्रजांना व्यापाराची मोकळीक. वरपक्षाकडून पोर्तुगालच्या मदतीला दोन हजार पायदळ, एक हजार घोडदळ आणि लढाऊ जहाजं. मुलीला वर्षाला तीस हजार पौंड आणि तिच्या धर्माप्रमाणे प्रार्थना करायला स्वतंत्र चॅपेल. सह्या दोन्ही दरबारांच्या मुखत्यारांच्या. मुलीची सही नाही.

मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. फोर्टात पाहुण्यांना फिरवताना ते सांगितलं जातं, प्रश्नमंजूषेत विचारलं जातं, आणि ऐकणारे दर वेळी हसतात. मला हे हसू सहन होत नाही. दोन राष्ट्रांनी एक मुलगी आणि हजारो माणसांच्या वस्तीचं एक बेट एकाच कागदावर देऊन टाकलं आणि दोघांपैकी कुणालाच विचारलं नाही. ज्या शहराच्या वाट्याला हे आलं, त्या शहरानं तरी ते गंमत म्हणून सांगू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी मुलीच्या माहेरची बाजू नीट सांगायला हवी. आईबापांना दोष देणं फार सोपं असतं. केंद्रात सुरुवातीची काही वर्षं मीही तेच करत असे. साठ वर्षं स्पेनच्या राजाखाली काढल्यावर 1 डिसेंबर 1640 ला पोर्तुगालनं उठाव केला आणि कॅथरीनच्या वडिलांना, ब्रागांझाच्या ड्यूकला, गादीवर बसवलं. ती तेव्हा दोन वर्षांची होती. स्पेननं ते स्वातंत्र्य मानलं नाही आणि युद्ध सुरूच राहिलं. पूर्वेकडे डच एकेक ठाणं गिळत होते. 1641 मध्ये मलाक्का गेलं, 1656 मध्ये कोलंबो. त्याच 1656 मध्ये वडीलही गेले. गादीवर आलेला भाऊ अज्ञान आणि लहानपणच्या दुखण्यानं अधू झालेला, म्हणून कारभार आईच्या, लुइझा द गुझ्मानच्या, हाती आला. लेकीसाठी तिच्या मनात फ्रान्सचा चौदावा लुई होता. पण 1659 मध्ये फ्रान्सनं स्पेनशी तह केला, लुईनं स्पेनची राजकन्या केली आणि पोर्तुगालचा हात सोडला. एकट्या बाईच्या दारात सावकार येऊन बसला की येईल ते स्थळ तिला चांगलं वाटतं, हे मी पाहिलं आहे. लुइझासमोर त्या वेळी चार्ल्स होता. वय तीस, बापाचं गेलेलं राज्य नुकतंच परत मिळालेलं आणि तिजोरी रिकामी.

हे लग्न मोडायचेही प्रयत्न झाले. लंडनमधल्या स्पेनच्या वकिलानं या मुलीला मूल होणार नाही अशी कुजबुज पसरवली, दुसऱ्या मुली सुचवल्या आणि त्यांचा हुंडा आमचा राजा भरेल असंही सांगितलं. स्थळ मोडायचं तर मुलीच्या शरीराविषयी काहीतरी उठवायचं, ही रीत ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या तोंडून मी ऐकली आहे.

1662 च्या वसंतात इंग्रजांचं आरमार तिला न्यायला लिस्बनला पोचलं. पहिला हप्ता म्हणून अर्धी रक्कम रोख मिळायची होती. तेवढी रोकड नव्हतीच. त्याऐवजी साखर, इतर माल आणि हुंड्या देऊ केल्या गेल्या. आरमाराचा प्रमुख अर्ल ऑफ सँडविच यानं नाइलाजानं ते जहाजांवर चढवून घेतलं. "उरलेले दिवाळीला देतो" असं मांडवात हात जोडून सांगणारा बाप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यापुढची गोष्ट कळली असेल. राहिलेल्या पैशांचा विषय सासरी तिची पाठ सोडणार नव्हता.

21 मे 1662 ला पोर्ट्समथ बंदरात लग्न लागलं. ती तेवीस वर्षांची. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला पोर्तुगीज. दोघं बोलत ती स्पॅनिश भाषा, म्हणजे ज्या देशाच्या धाकानं हे लग्न जुळलं त्या देशाची. तिच्या आईचं माहेरही तिकडचंच.

दोन महिन्यांतच हॅम्प्टन कोर्टच्या महालात आणखी एक यादी आली. राणीच्या खासगी सेवेत कोणकोणत्या स्त्रिया राहतील त्याची. तीत लेडी कॅसलमेनचं नाव होतं. चार्ल्सचा तिच्याशी उघड संबंध होता आणि त्याच जूनमध्ये तिला त्याचा मुलगा झाला होता. कॅथरीननं ते नाव खोडलं. दरबारात कानावर आलेलं रोज लिहून ठेवणाऱ्या सॅम्युअल पीप्सनं आपल्या रोजनिशीत याची नोंद केली आहे: हे एवढं माझं ऐका, नाहीतर मला आले तिथं परत पाठवा, असं राणीनं राजाला सांगितलं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. एवढ्या मोठ्या कागदी व्यवहारात तिच्या हातात लेखणी दिसते ती इथे. ज्या मुलीला दोन दरबारांपैकी कुणी काही विचारलं नाही, तिनं पहिल्या संधीला नवऱ्याच्या यादीवर काट मारली. या बाईविषयी मला जी माया वाटते ती या एका रेघेपासूनची.

चार्ल्स ऐकणाऱ्यातला नव्हता. त्यानं त्या बाईला भर दरबारात राणीपुढे आणून उभं केलं. ती कोण हे कळल्यावर कॅथरीनच्या नाकाचा घोळणा फुटला आणि ती बेशुद्ध पडली. मग तिच्याबरोबर आलेली पोर्तुगीज माणसं जवळजवळ सगळी परत पाठवण्यात आली. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर पाठराखीण देतात ती उगाच नाही. परक्या घरात निदान एक तरी माणूस आपल्या भाषेत "जेवलीस का" विचारणारं असावं म्हणून. तिच्यापाशी तेवढी एक थकलेली, दृष्टी अधू झालेली म्हातारी सरदारीण राहू दिली. काही आठवड्यांत कॅथरीननं हार मानली आणि ज्या बाईचं नाव खोडलं होतं तिच्याशी चारचौघांत हसून बोलू लागली. अशा वेळी आपल्याकडे म्हणतात, सून रुळली. केंद्रात माझ्यासमोर बसलेल्या मुलींनी त्याचा अर्थ मला शिकवला होता: परतायची वाट बंद झाली आहे हे तिला कळलं.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1663 मध्ये, ती मरणाच्या दारात गेली. तापाच्या भ्रमात आपल्याला मुलं झाली आहेत असं तिला वाटे आणि ती त्यांची चौकशी करी, हेही पीप्सच्या रोजनिशीत आहे. तिला मूल नव्हतं. पुढेही झालं नाही. गर्भ राहिला तोही टिकला नाही. चार्ल्सला इतर स्त्रियांपासून झालेली मुलं डझनाच्या घरात होती.

तिनं इंग्लंडच्या दरबारात चहा रुजवला असं मोठ्या कौतुकानं सांगतात. ते खरं असेल, पण त्या चहाच्या पेल्यामागे ती बाई झाकून गेली आहे.

आता यादीतलं दुसरं देणं, आपलं बेट. इंग्रज मंत्र्यांना ते कुठे आहे याची धड कल्पनाही नव्हती; चार्ल्सचा मुख्य मंत्री क्लॅरेंडन याच्या लेखी मुंबई ब्राझीलपासून थोड्याच अंतरावर होती, अशी नोंद इतिहासकारांनी करून ठेवली आहे. सप्टेंबर 1662 मध्ये इंग्रज जहाजं मुंबईसमोर नांगर टाकून उभी राहिली. सर अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास शिपाई घेऊन बेट ताब्यात घ्यायला आला होता. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं, आंतोनियो द मेलो इ काश्त्रू यानं, ताबा द्यायचं नाकारलं. 'मुंबई' म्हणजे नेमकं किती, यावरच भांडण. इंग्रज म्हणाले, साष्टी आणि ठाणंही त्यातच आलं. पोर्तुगीज म्हणाले, फक्त बेट, बाकी काही नाही. मी जन्मानं ठाण्याची. खाडीच्या काठावर, जुन्या किल्ल्याच्या जवळ माझं बालपण गेलं. आपलं गाव एका लग्नाच्या यादीत येतं की नाही यावर दोन परके दरबार हुज्जत घालत होते, हे वयाच्या साठीत कळलं तेव्हा वाटलेला संताप अजून उतरलेला नाही.

ताबा मिळेना, परतायचा हुकूम नाही, म्हणून शिपमननं आपली माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरवली. तिथे रोगराईनं ती पटापट मेली. 1664 मध्ये शिपमनही गेला. अखेर 18 फेब्रुवारी 1665 ला त्याचा चिटणीस हम्फ्री कुक यानं उरलेल्या शंभरावर काही माणसांनिशी मुंबईचा ताबा घेतला. तो घेतला दोना इग्नेझ द मिरांडा या विधवा बाईच्या वाड्यात. त्या जागी आज नौदलाचा आयएनएस आंग्रे हा तळ आहे. रिवाजाप्रमाणे कुकनं तिथली माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवरून फेरी मारली, आणि बेट इंग्रजांचं झालं. ज्यांनी ती माती कसली होती ते कुणबी, माडावर चढणारे भंडारी, खाजणात मीठ पिकवणारे आगरी, समुद्रावर जाणारे कोळी, कुळकर्णाच्या वह्या राखणारे पाठारे प्रभू, यांतल्या कुणाला त्या दिवशी काय सांगितलं गेलं असेल? करारात त्यांच्यापुरतं इतकंच होतं: रहिवाशांनी हवं तर तिथेच राहावं आणि आपला कॅथलिक धर्म पाळावा. जे कॅथलिक नव्हते त्यांच्यासाठी त्या कलमात काही नाही.

जाणकार मला म्हणतील, बाई, तुम्ही सतराव्या शतकाला आजची मापं लावता. राजघराण्यांच्या सोयरिकींनी युद्धं थांबत, हजारो माणसं वाचत. एका मुलीचं दुःख त्यापुढे किती? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आणि हेही खरं की पोर्तुगालचं काम झालं. इंग्रज शिपाई 1663 मध्ये अमेइशालला आणि 1665 मध्ये मोंतेस क्लारोसला पोर्तुगीजांच्या खांद्याला खांदा लावून लढले आणि 13 फेब्रुवारी 1668 च्या तहात स्पेननं पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. लुइझा दोन वर्षांपूर्वीच वारली होती. ज्यासाठी तिनं लेक दिली ते पाहायला ती उरली नाही.

पण हे काम शिपायांनी आणि जहाजांनी केलं, लग्नानं नव्हे. लग्नानं काय राखलं ते पूर्वेकडे बघून कळतं. मुंबई द्यायची ती अशासाठी, की तिथे पाय रोवून इंग्रज डचांविरुद्ध पोर्तुगीजांची पाठ राखतील, असं करारात लिहिलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तोच जानेवारी 1663 मध्ये डचांनी कोची घेतलं. इंग्रज आले नाहीत. ज्या 'रॉयल चार्ल्स' जहाजातून कॅथरीन सासरी आली, ते जहाजच 1667 मध्ये डचांनी इंग्लंडच्या दारात, मेडवे नदीत शिरून, ओढून नेलं. टँजियरवर अमाप खर्च करून 1684 मध्ये इंग्रजांनीच ते सोडून दिलं. आणि मुंबई? राजाला तिचा खर्च परवडेना. 27 मार्च 1668 च्या सनदेनं त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्यानं देऊन टाकली. स्पेनच्या तहाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. एवढा अट्टहास करून मिळवलेलं बेट सहा-सात वर्षांत राजाला नकोसं झालं होतं.

आणि शांततेसाठी सोयरीक म्हणणाऱ्यांनी चौदाव्या लुईचं लग्न पाहावं, तेच, ज्याच्यामुळे कॅथरीनचं स्थळ हुकलं. 1660 मध्ये स्पेनची मारिया तेरेसा फ्रान्सला दिली ती दोन देशांतलं वैर मिटावं म्हणून. तिचा हुंडा ठरला पाच लाख सुवर्ण एक्यू. तो भरला गेला म्हणजे तिनं माहेरच्या वारशावरचा हक्क सोडायचा. स्पेनला तो भरता आला नाही. 1665 मध्ये सासरा वारला आणि 1667 मध्ये लुईनं बायकोच्या हक्काच्या नावानं स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्सवर चाल केली. राहिलेल्या हुंड्यासाठी आमच्याकडे सुनेला छळतात. लुईनं तिचं माहेरच लुटलं. राज्यांचं हित जुळत होतं तोवर ही नाती चालली. हित फिरलं की त्याच लग्नाच्या यादीतून भांडणाचं कलम निघालं. मधे उभी असलेली मुलगी मात्र दोन्हीकडून ओलीस.

कॅथरीन ओलीस म्हणून आयुष्यभर राहिली असती तर मी हे कदाचित लिहिलंच नसतं. मन धजलं नसतं. 1678 मध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध उन्माद उसळला आणि राणीनं राजाला विष घालायचा कट केला असा आरोप टायटस ओट्स या माणसानं केला. तो धादांत खोटा होता. या वेळी चार्ल्स तिच्या पाठीशी उभा राहिला, आणि घटस्फोट घ्या म्हणणाऱ्यांनाही त्यानं दाद दिली नाही. त्याचं हे माप त्याच्या पदरात घालायलाच हवं. 1685 मध्ये तो गेला. सात वर्षांनी, 1692 मध्ये, ती माहेरी निघाली. सासरी आल्याला तीस वर्षं झाली होती. लिस्बनमध्ये तिनं स्वतःचा महाल बांधला, आणि 1704-05 मध्ये भावाच्या, राजा पेद्रूच्या, आजारपणात पोर्तुगालचा कारभार हाती घेतला. स्पेनशी तेव्हा पुन्हा युद्ध पेटलं होतं. जिला एकेकाळी अशाच युद्धासाठी देऊन टाकलं, ती आता आपल्या सहीनं राज्य चालवत होती.

त्या कराराला तीनशे वर्षं झाली त्या वर्षी, 1 जुलै 1961 ला, आपल्या देशात हुंडा प्रतिबंधक कायदा लागू झाला. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही त्यात गुन्हा आहे. तरीही 2022 या एका वर्षात देशात हुंडाबळींची नोंद सहा हजारांच्या वर गेली. अशा देशात, एखादं अख्खं शहर हुंड्यात गेलं हे अभिमानाच्या सुरात सांगितलं गेलं की समोर बसलेल्या शाळकरी मुलीच्या मनात काय रुजतं याचा विचार शिक्षकांनी करावा, वाटाड्यांनी करावा, वर्तमानपत्रांनीही करावा. त्या बेटावर कोण राहत होतं ते सांगा. त्यांना विचारलं नव्हतं हे सांगा. आणि पुढच्या वेळी फोर्टात कुणाला घेऊन गेलात आणि ती हुंड्याची गोष्ट ओठावर आली, तर आधी त्या मुलीचं नाव घ्या. कॅथरीन. जन्म विला व्हिसोझा, 25 नोव्हेंबर 1638. मृत्यू लिस्बन, 31 डिसेंबर 1705. मुंबई तिनं कधी पाहिली नाही.